पन्नासच्या वर

तेलगाव,
८ सप्टेंबर

ऋतुजाच्या पप्पांना,

नमस्कार. केंद्रात फोन देत न्हाईत, पत्र चालतं, असं तुमाला सोडायला आलतो तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून लिहायला बसले. बारा वर्षांच्या संसारात तुमाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा हसू नका. दारू सुटायला चार महिने लागतात म्हणाले, त्यातला एक गेला. जेवण जातं का? हाताचं थरथरणं कमी झालं का?

एक बातमी हाय. आबांची गिरणी मी चालू केली. तुमचं मोटरी भरायच्या, रिवायंडिंगच्या दुकानाचं शटर बंद, शेजारचं गिरणीचं शटर आबा गेल्यापासून बंद, आणि आमी दोघी सासू-सुना ओसरीवर एकमेकींचं तोंड बघत बसायचो. आत्याबाईंनीच, तुमच्या मायनं, एक दिवस किल्ली माझ्या हातात दिली.

अडचण लाइटीची होती. तीन फेजची लाइट कधी येती, कधी जाती, आपल्याला ठावंच. तर त्रिंबकभाऊ आलते, तुमचे आयटीआयचे जोडीदार. सध्या माजलगावला मोटरीच्या दुकानात हायेत. त्यांनी भिंतीला एक डबा बसवून दिला, ड्राइव्ह म्हणतात. आता आपली गिरणीची मोटर घरच्या एका फेजच्या लाइनवर चालती. शिवाय तिची स्पीड कमी-जास्त करता येती. त्यांनी मला असं समजावलं: तारेतली लाइट सेकंदाला पन्नास हेलकावे खाती, आणि मोटर त्या तालावर फिरती. हा डबा तालच बदलतो. बटण फिरवलं, आकडा चाळीसवर आणला, की मोटर हळू. पन्नासला नेहमीसारखी. पन्नासच्या वर न्यायचं न्हाई हे त्यांनी दोनदा बजावलं. आपला दगड तेवढ्यासाठी बनलेला न्हाई म्हणाले.

चाळीसवर ज्वारी दळली तर पीठ गार येतं. हात घातला तर समजतं. तुमी असता तर तुमच्या हातावर घातलं असतं.

डब्याबरोबर आलेल्या पुस्तकाच्या पानांची झेरॉक्स जोडली हाय. तुमचा वेळ जाईल.

तुमची,
संगीता

*

केंद्र,
१५ सप्टेंबर

संगीता,

पत्र मिळालं. हात थरथरायचा कमी झाला, अक्षरावरून कळंल.

गिरणी चालू केली ते चांगलं केलं. पण त्रिंबक कावून आला ते लिहिलं न्हाई. तू बोलावलं, का तो आपल्या मनानं आला? आठवड्यातून किती वेळा येतो? आला की बसतो कुठं? माझ्या दुकानात माझं स्टूल हाय, त्यावर बसत असंल तर त्याला सांग की ते स्टूल मोडकं हाय. चहा कोण करतं?

ड्राइव्हचं मला नवल न्हाई. त्रिंबकला आयटीआयत वाइंडिंग जमत नव्हतं. त्याची तार निसटायची, वेढे एकावर एक चढायचे, मास्तर त्याची कॉइल सोडून माझ्याकडं द्यायचे. ज्याला मोटर भरता येत न्हाई त्यानं डबा विकावा. आणि एक सांगतो, हे डबे लागले की मोटर जळायची कमी होती. सुरू होताना धक्का बसत न्हाई, लाइट कमी-जास्त झाली तर डबाच बंद पडतो. मग माझ्या दुकानात कोण येणार? त्रिंबकनं माझ्याच घरात माझ्याच पोटावर पाय दिला, आणि तू त्याला भाऊ म्हणायलीस.

पानं वाचली. अवघड काही न्हाई.

बजरंग

*

तेलगाव,
२४ सप्टेंबर

ऋतुजाच्या पप्पांना,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. बोलावलं मीच. मोटर गुरगुरायची आणि फिरायची न्हाई, मला दुसरं कुणाचं नाव सुचलं न्हाई. आठवड्यातून एकदा येतात, बुधवारच्या बाजाराला आले की. पायरीवर बसतात. आत्याबाईही तिथंच बसतात. चहा त्याच करतात, आणि त्यात साखर लई घालतात, त्यामुळं त्रिंबकभाऊ दुसरा कप कधी घेत न्हाईत.

आता माझं ऐका. मला टेस्टर धरता येतो. फ्यूज बदलता येतो. परवा पट्टा घसरला तर मी मेन बंद करून स्वतः बसवला. गव्हाला पंचेचाळीस, ज्वारीला चाळीस, डाळीला अडतीस, असं करता करता माझं मलाच समजायलंय. कान दिला की दगडाचा आवाज बदललेला कळतो. तुमी मोटरीला कान लावून बसायचा तेव्हा मला वाटायचं, हा माणूस मोटरीशी बोलतो आणि माझ्याशी न्हाई. आता थोडं कळायलंय.

आजूबाजूच्या वस्तीवरूनसुद्धा बाया दळण घेऊन यायल्यात. पीठ कडू लागत न्हाई म्हणतात. काही जण गमतीनं त्रिंबकची गिरणी म्हणतात. मी दरवेळी सांगते की गिरणी आबांची हाय.

ऋतुजाला चाचणी परीक्षेत गणितात पहिला नंबर मिळाला. तुमी काहीच विचारलं न्हाई म्हणून सांगते.

तुमची,
संगीता

*

केंद्र,
३० सप्टेंबर

संगीता,

त्रिंबकची गिरणी. हे तू लिहिलंस आणि खाली तुमची संगीता म्हणून सही केलीस.

मी इथं रोज सकाळी प्रार्थना म्हणतो, दुपारी झाडू मारतो, आणि माझ्या बापाच्या गिरणीला गाव त्रिंबकची म्हणायलंय. त्याला बुधवारचा बाजार आत्ताच बरा आठवला. मी होतो तेव्हा कधी आला न्हाई.

डबा काढून परत दे. लाइट येईल तेव्हा गिरणी चालव, न्हाई आली तर बंद ठेव.

मी दोनदा ऑफिसात फोन मागितला. घरी माणूस आजारी हाय म्हणालो. त्यांनी चौकशी केली, कुणी आजारी नव्हतं, तेव्हापासून माझं नाव घेतलं की हसतात.

सोबत मायसाठी वेगळी चिठ्ठी हाय. ती तू वाचू नको.

बजरंग

*

तेलगाव,
१० ऑक्टोबर

ऋतुजाच्या पप्पांना,

मी चिठ्ठी वाचली न्हाई. तुमच्या मायला वाचता येत न्हाई, हे लिहिताना तुमाला आठवलं न्हाई. त्यांनी ती ऋतुजाकडं दिली. ऋतुजानं ती ओसरीवर मोठ्यानं वाचली, शाळेत धडा वाचती तशी. त्रिंबक आला की संगीता कोणती साडी नेसती, दोघं आत किती वेळ असतात, शटर अर्धं असतं का पूर्ण उघडं. मी भाकरी थापत होते. तवा तापून लाल झाला तरी मला भाकरी टाकायची सुधरली न्हाई.

 आत्याबाई म्हणाल्या, "त्याला लिही, मी त्याची आई हाय, चौकीदार न्हाई." आणि ऋतुजाला जवळ घेतलं. ऋतुजा मला विचारती, पप्पा असं कावून विचारायलेत.  त्याचं उत्तर तुमी आल्यावर द्या.

त्या दिवशी वाटलं होतं की आता लिहायचंच न्हाई. पण रागानं घर चालत न्हाई. डबा मी काढणार न्हाई, हेही सांगून ठेवते.

आता कामाचं. त्रिंबकभाऊ दुकानाच्या कामाला नांदेडला गेलेत, दिवाळीच्या तोंडावरच येतील. त्यांना विचारायचंही न्हाई असं मी ठरवलं. भाजणीची, डाळीची दळणं लई आलीत. डबे दारापर्यंत लागलेत. पन्नासवर दळण सरत न्हाई, बाया खोळंबून बसतात. यापेक्षा जास्त स्पीड करता येती का? दगड तुमच्या आबांचा, मोटर तुमी भरलेली, तुमच्याएवढी ती कुणाला ठावं? पानं तुमच्याजवळ हायेत. तुमी सांगाल तो आकडा लावते. दुसऱ्या कुणाचं ऐकणार न्हाई.

तुमची,
संगीता

*

केंद्र,
१४ ऑक्टोबर

प्रिय संगीता,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. चिठ्ठीचं मनावर घेऊ नको. इथं बसून डोकं फिरतं.

तू मला विचारलंस हे चांगलं केलंस. त्रिंबक घाबरट माणूस हाय, म्हणून पन्नासवर अडकला. आकडा पंचाहत्तर लाव. डबा आपणहून पन्नासच्या वर जाणार न्हाई, त्याला हद्द घातलेली असती. पानं सोबत परत पाठवतोय, दुसऱ्या पानावर मी पेनानं गोल केलाय, त्या ठिकाणी पन्नासचं पंचाहत्तर कर, मग बटण पुढं जाईल. दळण झरझर सरंल.

त्रिंबक आल्यावर त्याला सांगू नको. कुणी विचारलं तर म्हण, त्यानंच लावून दिलाय.

बजरंग

*

केंद्र,
१६ ऑक्टोबर

संगीता,

आधीचं पत्र आलं असंल तर फाडून टाक. पंचाहत्तर लावू नको. पन्नासच्या वर एक आकडासुद्धा न्यायचा न्हाई. माझ्या हातून चुकून लिहिलं गेलं.

आज स्वयंपाकघरात पीठ चाळायला बसलो होतो. संग हरिबा म्हणून म्हातारा हाय, परळीकडचा. बोलता बोलता त्यानं सांगितलं, त्याच्या गावात गिरणीवाल्यानं घाई म्हणून मोटरीची पुली बदलली, दगड लई जोरात फिरायला लागला आणि फुटला. अर्धा तुकडा वरचे पत्रे फाडून बाहेर गेला. अर्धा आतच राहिला. आत कोण होतं ते मी त्याला विचारलं न्हाई.

तू दगडासमोर उभी राहतीस. टोपलं धरायला दुसरी जागाच न्हाई.

ऑफिसात जाऊन फोन मागितला. पाया पडलो. साहेब म्हणाले, बजरंग, तिसऱ्यांदा घर आजारी पडलं का. हे पत्र तुला चार दिवसांनी मिळंल. आधीचं उद्या मिळंल.

बजरंग

*

तेलगाव,
२२ ऑक्टोबर

ऋतुजाच्या पप्पांना,

चार दिवस झाले, तुमी जेव्हा दारात उभे राहिला तेव्हापासून मी त्याच गोष्टीचा विचार करायलेय. आता माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिते.

तुमचं पंचाहत्तरचं पत्र आदल्या दिवशी संध्याकाळी आलं होतं. तुमी प्रिय लिहिलं होतं, ते मी आत्याबाईंनाही वाचून दाखवलं. सकाळी ऋतुजा शाळेला गेली आणि मी गोल केलेल्या ठिकाणी आकडा बदलला. ओसरीवर सहा-सात बाया बसल्या होत्या. बटण पुढं घेतलं. पंचावन्नला दगडाचा आवाज बारीक झाला. साठला जमीन हलायला लागली. मी एकदा बटणावरचा हात काढला, पण वाटलं, ह्यांनी सांगितलंय, ह्यांना कळतं. मी हळूहळू पुढं न्यायले होते.

तेवढ्यात तुमी आला. केंद्राचे कपडे, पायात चप्पल न्हाई, अंगावर माती आणि भाजीचा पाला.  सरळ आत येऊन मेन खाली पाडला. मग दगड थांबेपर्यंत मला हाताला धरून भिंतीशी उभं केलं आणि स्वतः माझ्या पुढं उभे राहिला. एवढंच विचारलं, "कितीवर होतं?" मी म्हणाले, "बासष्ट." तुमी खाली बसला आणि रडायला लागला.

बाया म्हणायल्या, पिऊन आलाय. त्रिंबकला धरायला आलाय. मलाही तेच वाटलं. मी सगळ्यांसमोर वाकून तुमच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. हे मी केलं याची मला लाज वाटती. पण तुमी आधी दिलेले दिवस तसेच होते.

दुपारी केंद्राची जीप आली. तुमी आपणहून जाऊन बसला. ऋतुजा शाळेतून आली तेव्हा जीप वळणावर होती.

तुमचं दुसरं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. मग त्रिंबकभाऊ नांदेडहून आले. त्यांनी झाकण काढून दगड पाहिला. कडेपासून मध्यापर्यंत केसाएवढी भेग हाय. अजून थोडा वेळ चालला असता तर, असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. आकडा कुणी सांगितला असं विचारलं. मी म्हणाले, माझ्या मनानं लावला.

आता तुमी मला सांगा. तुमी लिहिलंय की चुकून लिहिलं गेलं. मोटर भरताना तुमचा एक वेढा कधी चुकला न्हाई. नशेतसुद्धा चुकला न्हाई. दुसऱ्या पानावर पेनानं गोल कुणी चुकून करतं का?

खरं लिहा. त्याशिवाय मी पुढचं पत्र लिहिणार न्हाई.

संगीता

*

केंद्र,
२७ ऑक्टोबर

संगीता,

चुकून न्हाई. मुद्दाम लिहिलं.

तुला काही व्हावं असं मनात नव्हतं. पण तुला काही होईल का, हा विचारही केला न्हाई. मला एवढंच दिसत होतं की पीठ जळंल, बाया डबे उचलून जातील, गावभर होईल की त्रिंबकनं गिरणीचं वाटोळं केलं. मग तू मला लिहिशील, तुमी या. या एका ओळीसाठी मी तो आकडा लिहिला. लिहिताना लई गोड वाटत होतं.

तुझ्या त्या पत्रात तू लिहिलं होतंस, कान दिला की दगडाचा आवाज कळतो. ते वाचून मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी जेवलो न्हाई त्या दिवशी. त्रिंबकवर जळत होतो हे खरं, पण त्याच्यावर जळणं सोपं होतं. तुझ्यावर जळत होतो हे मला त्या दिवशी पळून भाजीच्या टेम्पोत बसल्यावर कळलं. मी नसताना घर पडंल, मग मी येऊन उभं करीन, असं मी धरून चाललो होतो. घर पडलं न्हाई. तू टेस्टर धरलास, पट्टा बसवलास, आणि मी इथं झाडू मारतोय.

टेम्पोवाल्याला मी घाई कर म्हणत होतो. तो म्हणाला, गाडी जुनी हाय, यापेक्षा पळत न्हाई. पुढं दुधाच्या गाडीत बसलो, शेवटी चाललो. वाटेत दारूचं दुकान लागलं. मला ते नंतर आठवलं, की लागलं होतं.

पळालो म्हणून केंद्रानं माझे चार महिने पहिल्यापासून धरलेत.  खरं कारण साहेबांना सांगितलं. ते आता हसत न्हाईत.

त्रिंबकला सांग, आकडा मी दिला होता. तू तुझ्यावर घेऊ नको.

बजरंग

*

तेलगाव,
१० नोव्हेंबर

ऋतुजाच्या पप्पांना,

दिवाळी झाली. गिरणी बंद होती, त्यामुळं भाजणी बायांनी दुसरीकडून दळून आणली. आपल्याकडं मी करंज्या केल्या, चकल्या न्हाई.

तुमचं पत्र मी त्रिंबकभाऊंना सांगितलं. वाचायला दिलं न्हाई, तोंडानं सांगितलं.  ते म्हणाले, आयटीआयत मास्तर माझी कॉइल सोडून ह्याला द्यायचे तेव्हा मलाही असंच व्हायचं. नवीन दगड त्यांनी उभं राहून बसवून दिला. जाताना म्हणाले, वहिनी, आता तुमाला येतंय, मी बुधवारी येणार न्हाई. बरं दिसत न्हाई. मी थांबा म्हणाले न्हाई. तुमच्यामुळं एक चांगला माणूस आपल्या दारातून गेला, हे मात्र तुमाला ठावं असू द्या.

माफ केलं, असं लिहायला मी दोनदा बसले. लिहवत न्हाई. तुमी माझ्यापुढं उभे राहिला हे डोळ्यासमोर येतं, आणि लगेच तो पेनाचा गोल येतो. दोन्ही तुमचेच हात. कोणता धरून चालायचं ते तुमी घरी आल्यावर ठरंल, आत्ता न्हाई.

ऋतुजाला मी खरं सांगितलं, तिच्या वयाला समजंल एवढं. ती म्हणाली, पप्पांनी स्वतः येऊन बंद केली ना. मी हो म्हणाले.

आता एक गोष्ट तुमाला दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी मीच कळवते. धर्मापुरीला शिवकांताबाई म्हणून हायेत, त्यांचा लाकडी घाणा हाय, करडईचं तेल काढतात. घाणा जोरात फिरला की तेल तापतं, म्हणून त्यांना ड्राइव्ह लावायचाय. त्रिंबकभाऊंकडं गेलत्या. त्यांनी माझं नाव सांगितलं. डबा ते जोडून देणार, आकडा मी बसवून देणार. पुढच्या सोमवारी जाणार हाय. माझ्या नावानं आलेलं हे पहिलं काम.

तुमच्या पोटात दुखलं तर दुखलं असं लिहा. लपवून गोड लिहू नका. तुमचं गोड लिहिलेलं मला आता वाचवत न्हाई.

संगीता

*

केंद्र,
१४ नोव्हेंबर

संगीता,

दुखलं. लई दुखलं. पत्र हरिबाकडून दोनदा वाचून घेतलं, कुणी दुसऱ्यानं वाचलं तर कमी दुखंल असं वाटलं. कमी झालं न्हाई.

तू जा.

घाणा गिरणीसारखा न्हाई. तो जड असतो, सुरू होताना मोटर अडती. म्हणून एकदम आकडा देऊ नको. पाचपासून सुरू कर, घाणा एक फेरा पुरा फिरू दे, मग वाढव. वीसच्या आसपास तेल कोमट राहायला पाहिजे, पण माझ्या आकड्यावर जाऊ नको. तिथं बोट बुडवून बघ, आणि शिवकांताबाईंना विचार, त्यांचा घाणा हाय. हे सगळं आधी त्रिंबकला वाचून दाखव. तो हो म्हणाला तरच कर.

पट्ट्याजवळ जाताना पदर खोचून घे. मायला संग ने, तिला धर्मापुरीचं देऊळ बघायचं होतं.

काय झालं ते कळव. चांगलं झालं तर तेसुद्धा कळव.

बजरंग